अंडी मागणारा व्यापारी आणि इंग्रजीचे अनेकवचन

गोळ्यांच्या पाकिटावर, बियाण्याच्या पिशवीवर, बचत गटाच्या फॉर्मवर इंग्रजी शब्द भेटतातच. एक असेल तर 'टॅब्लेट', दोन असतील तर 'टॅब्लेट्स'. मोजता येणाऱ्या वस्तूच्या नावाला शेवटी 'स' लावला की अनेकवचन झाले, हे लेकरांच्या अभ्यासातून आपल्यालाही ठाऊक झाले आहे. पण मग 'चाइल्ड'चे 'चिल्ड्रन' का? 'फूट'चे 'फीट' का? आणि 'शीप' एक असो की शंभर, 'शीप'च का? इथे आपण अडतो आणि कोणी हसेल म्हणून तोंडच उघडत नाही. म्हणून आज आम्ही या आडमुठ्या शब्दांचा इतिहास सांगणार आहोत.

हजार वर्षांपूर्वीची इंग्रजी आपल्या मराठीसारखी होती. तिच्यातही तीन लिंगे होती आणि अनेकवचनाच्या अनेक तऱ्हा होत्या. आपण रस्ता-रस्ते, विहीर-विहिरी, माळ-माळा म्हणतो आणि दगड मात्र एक काय, दहा काय, दगडच. तसेच तिथे होते. काही शब्दांना 'अस' लागे, काहींना 'अन', काहींना 'रु'. काहींचा मधलाच स्वर बदले. पुस्तकाला 'बोक' म्हणत आणि अनेक पुस्तकांना 'बेच'. काही शब्द मुळीच बदलत नसत, मेंढी त्यांतलीच.

मग दोन मोठ्या घडामोडी झाल्या. नवव्या शतकात डेन्मार्क-नॉर्वेकडचे लोक उत्तर आणि पूर्व इंग्लंडात येऊन वसले. त्यांची भाषा इंग्रजीची चुलत बहीण. मूळ शब्द बरेचसे सारखे, शेवट मात्र वेगळे. शेजाऱ्यापाजाऱ्यांत बोलताना हे शेवट आणखी झिजले, असे अभ्यासक मानतात. पुढे 1066 साली फ्रान्समधल्या नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकले. दरबारात फ्रेंच आली, इंग्रजी राहिली शेतात, गोठ्यात, चुलीपाशी. तिला शिस्त लावणारे कोणी उरले नाही. लोकांच्या तोंडी शब्दांचे शेवट घासत गेले आणि अनेकवचनाच्या मुख्य तऱ्हा दोनच राहिल्या: 'स' आणि 'न'. उत्तरेत 'स'चा जोर, दक्षिणेत 'न'चा. दक्षिणेत डोळ्यांना 'आयेन' आणि जोड्यांना 'शून' म्हणत.

या ओढाताणीची एक गोष्ट इंग्लंडचा पहिला छापखानेवाला विल्यम कॅक्स्टन याने 1490 साली छापलेल्या एका पुस्तकाच्या प्रस्तावनेत लिहून ठेवली आहे. काही व्यापारी थेम्स नदीतून जहाजाने परदेशी निघाले होते. वारा पडला म्हणून किनाऱ्याला उतरले. त्यांतल्या शेफील्ड नावाच्या व्यापाऱ्याने एका घरी जेवण मागितले, त्यातही अंडी हवीत म्हणाला. तो म्हणाला 'एग्ज'. घरची बाई म्हणाली, मला फ्रेंच येत नाही. व्यापारी चिडला, कारण फ्रेंच त्यालाही येत नव्हती! शेवटी दुसऱ्या एकाने 'आयरेन' मागितले, तेव्हा बाईला उमगले. दोघेही इंग्रजीच बोलत होते. त्याचा शब्द उत्तरेकडच्या पाहुण्यांकडून आलेला, तिचा जुना घरचा.

मैत्रिणींनो, त्या बाईचे काही चुकले नव्हते. तिचा शब्द मागे पडला, एवढेच. 'स'ची सरशी झाली, पण जुन्या घरातली काही भांडी फडताळात राहिली. 'ऑक्सन' म्हणजे बैल, हा 'न'वाला. 'चिल्ड्रन'ला तर दोनदा अनेकवचन लागले आहे: आधीचा 'र' होताच, वर 'न' चढवला. 'फीट', 'टीथ', 'माइस' हे मधला स्वर बदलणारे. रोजच्या वापरातले शब्द लोक सहसा बदलत नाहीत, म्हणून हे टिकले.

लोकांनी चुकून नवे शब्दही घडवले. वाटाण्याला जुना शब्द होता 'पीज'. आपल्या डाळीसारखा, न मोजता वापरायचा. शेवटी 'ज' ऐकून लोकांना वाटले, हे अनेकवचनच असणार! मग सतराव्या शतकात एका दाण्यासाठी 'पी' हा शब्द तयार झाला. आज तोच शुद्ध मानतात.

आता आपला शब्द घ्या. 'वुमन' मुळात 'वीफमान'. 'वीफ' म्हणजे बाई, 'मान' म्हणजे माणूस. म्हणजे चक्क आपले 'बाईमाणूस'! अनेकवचन 'वीफमेन'. पुढे एकवचनातला 'वी' बदलून 'वु' झाला, अनेकवचनात मात्र जुना आवाज राहिला. म्हणून एक 'वुमन', अनेक 'विमिन'.

इंग्रजीचे हे नियम कुणा पंडिताने एका बैठकीत ठरवलेले नाहीत. शेतकरी, व्यापारी, घरच्या बाया बोलत गेल्या आणि भाषा वळत गेली. आपणही 'फाईल'च्या 'फायली' आणि 'टेबल'ची 'टेबले' करतोच की! परीक्षेत, फॉर्मवर आजचा नियम पाळावा, त्यासाठी असे दहा-बारा आडमुठे शब्द पाठ करावेत. गटाच्या बैठकीत दर वेळी दोन जोड्या फळ्यावर लिहा, मोठ्याने म्हणा. आणि लेक 'चाइल्ड्स' म्हणाली तर हसू नका. तिला नियम कळला आहे. त्या नियमाआधीची गोष्ट तेवढी सांगायची राहिली आहे, ती आता तुम्ही सांगा.