तोतया, मोर्तब आणि यंत्राचा आवाज

कृत्रिम बुद्धिमत्ता आणि व्यवसायातले धोके, असा आजचा विषय. पण आपण कसब्यात बसलोय, शनिवारवाडा इथून हाकेच्या अंतरावर आहे, तेव्हा सुरुवात संगणकापासून न करता त्या वाड्यापासून करू. १७७६ साली पुण्याच्या कारभाऱ्यांपुढे जो पेच होता, तोच आज पतपेढीच्या व्यवस्थापकापुढे किंवा तांबट आळीतल्या दुकानदारापुढे असतो. समोरचा माणूस स्वतःला जो म्हणवतो, तो तोच आहे हे ठरवायचं कशावरून?

तोतयाची गोष्ट आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. १४ जानेवारी १७६१ ला पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले. पण इतक्या लांबून, इतक्या गोंधळात आलेल्या बातमीवर अनेकांचा विश्वास बसेना. त्यांच्या पत्नी पार्वतीबाईंनी तर वैधव्य स्वीकारलंच नाही. पुढे दोनतीन वर्षांत उत्तरेत एक माणूस ‘मीच भाऊ’ म्हणत उभा राहिला. त्याला पकडलं, चौकशी झाली, तो खोटा ठरला आणि कैदेत पडला. प्रकरण तिथंच संपायचं. पण १७७६ मध्ये रत्नागिरीच्या किल्ल्यावरच्या अधिकाऱ्यानंच त्याला मोकळं केलं, आणि बघता बघता कोकणातले किल्ले त्याच्या हाती जाऊ लागले. फौज जमली आणि ती घाटापर्यंत येऊन पोचली. महादजी शिंदे आणि भिवराव पानसे यांनी ती मोडली, तोतया मुंबईकडे पळताना आंग्र्यांच्या हाती लागला. पुण्यात आणून, पंच बसवून, भाऊंना ओळखणाऱ्या माणसांसमोर त्याला उभं केलं आणि डिसेंबरमध्ये देहदंड दिला.

यात आम्हाला विचार करायला लावते ती गोष्ट अशी, की हा माणूस एकदा खोटा ठरलेला होता. निकाल झालेला होता! तरी किल्लेदारांनी दरवाजे उघडले. चेहरा थोडाफार जुळत होता म्हणतात, पण बाकीचं काम ऐकणाऱ्यांच्या इच्छेनं केलं. शिवाय त्या वर्षी पुण्याचं सगळं लक्ष राघोबादादा आणि इंग्रज यांच्याकडे लागलेलं. फसवणूक करणाऱ्याला अशीच वेळ लागते.

आता हीच गोष्ट हाँगकाँगमध्ये बघा. २०२४ च्या सुरुवातीला अरुप या मोठ्या अभियांत्रिकी कंपनीच्या तिथल्या कर्मचाऱ्याला वरिष्ठांच्या नावानं ईमेल आला, गुप्तपणे पैसे पाठवायचे म्हणून. त्याला संशय आला होता, हे लक्षात ठेवा. पण नंतर व्हिडिओ बैठक झाली, पडद्यावर कंपनीचे वित्तप्रमुख आणि ओळखीचे सहकारी दिसले, बोलले. संशय गेला. सुमारे वीस कोटी हाँगकाँग डॉलर पंधरा हप्त्यांत गेले. त्या बैठकीतला खरा माणूस हा कर्मचारी एकटाच. बाकी सगळे यंत्रानं बनवलेले.

पेशवाईतल्या दप्तरी कामात या धोक्याची जाण होती. मोडी पत्र कारकून लिहायचा, पण ते खरं कशावरून? वर शिक्का, आणि मजकूर जिथं संपतो तिथं मोर्तब. कित्येक मोर्तबांवर ‘लेखनसीमा’ एवढाच शब्द असतो. म्हणजे लिहिणं इथं संपलं, याच्यापुढं कुणी ओळ घुसवली तर ती आमची नाही. शिवाय वाचणाऱ्याला लिहिणाऱ्याचं वळण माहीत असायचं. एका खुणेवर भिस्त नसे. आजच्या भाषेत ‘दुहेरी पडताळणी’ म्हणून जे विकलं जातं, त्याचा हा आजोबा म्हणा.

ही साखळी एका जागी तुटली की काय होतं, ते पुण्यानं आपल्या घरात पाहिलंय. कॉसमॉस सहकारी बँक १९०६ साली पुण्यात सुरू झाली. इथल्या कित्येक घरांत तिची पासबुकं आहेत. ११ ऑगस्ट २०१८, शनिवार. एटीएममधून पैसे काढताना ‘या खात्यात पैसे आहेत का, देऊ का’ असा प्रश्न बँकेकडे जातो आणि तिथला स्विच होय-नाही सांगतो. चोरांनी मालवेअर घालून एक खोटा स्विच उभा केला. प्रश्न खऱ्या स्विचपर्यंत पोचतच नव्हते, आणि खोटा स्विच प्रत्येकाला ‘होय’ म्हणत होता. यंत्रातला तोतयाच की! बनावट कार्डं घेऊन अठ्ठावीस देशांत माणसं एटीएमसमोर उभी होती. काही तासांत परदेशात सुमारे ७८ कोटी आणि भारतात अडीच कोटी निघाले. सोमवारी १३ तारखेला स्विफ्ट यंत्रणेतून आणखी १३ कोटी ९२ लाख हाँगकाँगच्या एका खात्यात गेले. एकूण ९४ कोटींच्या वर. खातेदारांच्या ठेवी सुरक्षित आहेत असं बँकेनं सांगितलं, पण एटीएम आणि नेट बँकिंग बंद राहिलं, आणि त्या दिवसांत किती म्हाताऱ्या माणसांच्या पोटात गोळा आला असेल ते सांगायला नको. २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयानं अकरा जणांना शिक्षा सुनावली.

त्यात आजच्यासारखी एआय नव्हती. म्हणूनच आम्ही ते इथं सांगतोय. एआय आल्यानं चोरीचा प्रकार फारसा बदललेला नाही, ती स्वस्त आणि जलद झालीय. पूर्वी मराठीत फसवायला मराठी येणारा माणूस लागायचा, त्याचं मोडकंतोडकं मराठी आपल्याला सावध करायचं. आता तो आधारही गेला.

आवाजाचंही तसंच. आशा भोसले यांनी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात धाव घेतली, कारण त्यांच्या आवाजाची यांत्रिक नक्कल विकली जात होती. न्यायालयानं त्यांना अंतरिम संरक्षण दिलं. त्याआधी २०२४ मध्ये अरिजित सिंग यांच्या बाबतीत याच न्यायालयाचा असाच आदेश झाला होता. नामवंतांना हा रस्ता आहे. पण तुमच्या हिशेबनिसाचा आवाज कुणी उचलला तर? माहिती तंत्रज्ञान कायद्यात कलम ६६-ड आहे, संगणकाच्या साधनानं तोतयेगिरी करून फसवणं, तीन वर्षांपर्यंत शिक्षा. चोर सापडला तर ती.

दुसरा धोका यंत्राच्या चुकीचा, आणि तिथं मालकच अडकतो. कॅनडात एका विमान कंपनीच्या चॅटबॉटनं प्रवाशाला सवलतीचा नियम चुकीचा सांगितला. बॉटची जबाबदारी बॉटची, असा काहीसा युक्तिवाद कंपनीनं केला. २०२४ मध्ये तिथल्या न्यायाधिकरणानं तो मानला नाही, भरपाई द्यायला लावली. पेढीवरच्या मुनिमाच्या बोलण्याला सावकार बांधील असतो, त्यातलाच प्रकार. आपल्याकडे २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं एक प्राप्तिकर आकारणी रद्द केली, कारण अधिकाऱ्यानं आधार म्हणून दिलेले तीन निकाल अस्तित्वातच नव्हते. एआयच्या उत्तरांवर डोळे मिटून विसंबू नका, ते तपासून घ्या, असं न्यायालयानं त्या वेळी बजावलं.

आणि तिसरा धोका, ज्याच्याकडे सगळ्यात कमी लक्ष जातं. तो समजायला पुन्हा दप्तराकडे जाऊ. पेशव्यांच्या कारभारातले हिशेब, इनामांच्या नोंदी हे सगळं राज्य चालवण्यासाठी लिहिलेलं. राज्य गेलं, दप्तर इंग्रजांच्या ताब्यात गेलं. १८५२ च्या कायद्यानं इनाम कमिशनला अधिकार मिळाले आणि त्याच कागदांवरून इनामदारांना विचारणा सुरू झाली, तुमचा हक्क सिद्ध करा. अनेकांची इनामं गेली. त्यांतली काही खोटी होतीही, ते मान्य. पण एका कामासाठी जमवलेली माहिती दुसऱ्याच्या हाती, दुसऱ्याच कामाला लागली की लिहून देणाऱ्याचं काय होतं, ते तिथं दिसतं.

आज हे कसं घडतं? कर सल्लागाराच्या कार्यालयातला मुलगा, कामाच्या घाईत, ग्राहकाचं पॅन आणि बँकेचं विवरणपत्र फुकटच्या चॅटबॉटमध्ये टाकतो आणि ‘याचा तक्ता करून दे’ म्हणतो. त्याचा हेतू वाईट नसतो. २०२३ मध्ये सॅमसंगसारख्या कंपनीतल्या अभियंत्यांनीही आपला गोपनीय कोड असाच चॅटजीपीटीला दिला होता, नंतर कंपनीनं अशा साधनांवर बंदी घातली. आपल्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात, जो २०२३ चा आहे, माहिती ज्या कामासाठी घेतली त्याच कामासाठी वापरायची असं तत्त्व आहे. काम तिसऱ्याकडून करून घेतलं तरी जबाबदारी माहिती घेणाऱ्याची. पुरेशी सुरक्षा न ठेवल्यास दंड २५० कोटींपर्यंत. सायबर हल्ला झाला तर सर्ट-इनला सहा तासांत कळवायचं, हा नियम २०२२ पासून आहेच.

आम्हाला विचाराल तर लहान व्यापाऱ्यानं दोन गोष्टी आधी कराव्यात. कुठलं साधन वापरायचं आणि त्यात काय टाकायचं नाही, हे कागदावर लिहून भिंतीला लावावं. आणि पैशाचा निरोप कुणाच्याही आवाजात आला, तरी आपल्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर उलटा फोन करावा. त्यानं मालक चिडला तर चिडू दे. कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले आहेत आणि त्यातल्या बहुतेक जबाबदाऱ्या अठरा महिन्यांनी लागू होणार आहेत. म्हणजे २०२७ च्या मे महिन्यापर्यंत आपल्याला मुदत आहे.