जुन्याच रिपोर्टमधलं नवं उत्तर

कॅन्सरच्या रुग्णाची फाईल उघडली की सीबीसीचे रिपोर्ट एकावर एक सापडतात. इम्युनोथेरपी लागू पडेल का, याचा थोडाफार अंदाज याच कागदांवरून बांधता येतो, हे अलीकडे ध्यानात आलं. आकडे मात्र जुने आहेत.

१८५२ साली जर्मनीत कार्ल फिअरॉर्ट यांनी सूक्ष्मदर्शकाखाली रक्तपेशी मोजून दाखवल्या, तासन्‌तास बसून. पांढऱ्या पेशींमधले प्रकार ओळखायला पाउल एर्लिख यावे लागले. १८७९मध्ये त्यांनी कापड रंगवायच्या कारखान्यांतले अ‍ॅनिलीन रंग रक्ताच्या थेंबावर वापरले. कोणती पेशी कोणता रंग धरते, यावरून न्यूट्रोफिल वेगळी काढता आली. पुढे अमेरिकेत वॉलेस कूल्टर यांनी पेशींना बारीक छिद्रातून, विजेच्या प्रवाहातून जायला लावलं. १९५३मध्ये पेटंट मिळालं आणि मोजणी यंत्राकडे गेली.

२००१मध्ये ब्रातिस्लाव्हाच्या झाहोरेत्स यांनी अतिदक्षता विभागातल्या रुग्णांसाठी एक साधा भागाकार सुचवला: न्यूट्रोफिल भागिले लिम्फोसाइट, म्हणजे पांढऱ्या पेशींचाच दुसरा प्रकार. कॅन्सरच्या डॉक्टरांनी तो उचलला. २०१४पासून पीडी-१ रोखणारी इम्युनोथेरपीची औषधं आली, तेव्हा त्याला नवा अर्थ मिळाला. ही औषधं ज्या टी-पेशींचा ब्रेक सोडतात, त्या लिम्फोसाइटच. न्यूट्रोफिल वाढलेले म्हणजे शरीरात दाह, आणि तो दाह बऱ्याचदा टी-पेशींना दाबतो.

इथे एक गोष्ट ठासून सांगायला हवी. हा भागाकार जास्त आला की केमोवरच्या रुग्णांचंही बरं चालत नाही. आजार जोरात आहे हे कळणं आणि हे औषध लागू पडणार नाही हे कळणं, यांत फार अंतर आहे. त्या एका आकड्यावरून कुणाला औषध नाकारणं अन्यायाचं ठरेल.

२०२५मध्ये न्यूयॉर्कच्या संशोधकांनी इम्युनोथेरपी लागू पडेल का, हे सांगणारं ‘स्कॉर्पिओ’ हे गणित मांडलं. २१ प्रकारच्या कॅन्सरचे सुमारे दहा हजार रुग्ण, नेहमीच्या रक्तचाचण्या आणि वय-वजनासारख्या नोंदी. गाठीतल्या जनुकीय बदलांच्या महागड्या मोजणीपेक्षा त्याचा अंदाज सरस निघाला.

मुंबईत याचं मोल वेगळं आहे. टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी डोक्या-मानेच्या कॅन्सरमध्ये इतर औषधांना तीन आठवड्यांतून एकदा फक्त २० मिलिग्रॅम निवोलुमॅब, हे पीडी-१ रोखणारं औषध, जोडून पाहिलं. पूर्ण डोस परवडणारे रुग्ण मोजकेच. वर्षभर जगणाऱ्यांचं प्रमाण १६ टक्क्यांवरून ४३ टक्क्यांवर गेलं. अशा ठिकाणी स्वस्त अंदाज हवाच. पण तोंडातल्या जखमेला अनेकदा जंतुसंसर्ग असतो आणि न्यूट्रोफिल त्यानेही वाढतात. ते गणित आधी इथल्या रुग्णांवर तपासून घ्यावं लागेल.