धुळे, येरवडा, रत्नागिरी : १९३२ चे तीन तुरुंग आणि भिंतीआडचे गावकूस

धुळ्याचा तुरुंग म्हटले की खानदेशातल्या शिकलेल्या माणसाला सगळ्यात आधी 'गीता प्रवचने' आठवतात. २१ फेब्रुवारी ते १९ जून १९३२ या काळात दर रविवारी एक, अशी अठरा प्रवचने विनोबा भावे यांनी त्या तुरुंगात दिली. अमळनेरचे शिक्षक साने गुरुजी तेव्हा तिथेच कैदेत होते. त्यांनी ती उतरवून घेतली. पुढे पुस्तक झाले, ते अनेक भाषांत गेले, आणि धुळ्याचा तुरुंग म्हणजे जणू तीर्थक्षेत्र झाले.

पण तुरुंग म्हणजे प्रवचनाचा मंडप नव्हे. तिथे माणसे राहतात. झोपायला किती जागा मिळणार, कोणाची वळकटी कोणाशेजारी पडणार, जेवण कोण शिजवणार, संडास कोण साफ करणार, हे तिथे रोज ठरते. तुरुंगाचा खरा इतिहास या प्रश्नांच्या उत्तरात असतो आणि तोच आपल्याला कोणी शिकवलेला नाही.

मित्रांनो, या लेखाचा मुद्दा सरळ आहे. जात तुरुंगात चोरवाटेने शिरलेली नाही. ती नियम म्हणून लिहून ठेवलेली होती. ते लिहिलेले नियम घटनाबाह्य ठरायला ३ ऑक्टोबर २०२४ ही तारीख उजाडावी लागली. संविधान लागू झाल्यानंतर चौऱ्याहत्तर वर्षांनी!

एकाच वर्षात तीन तुरुंग

१९३२ हे वर्ष नीट पाहा. उन्हाळ्यात धुळ्याच्या तुरुंगात गीता सांगितली गेली. सप्टेंबरमध्ये येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींचे उपोषण सुरू झाले आणि २४ सप्टेंबरला पुणे करारावर सह्या झाल्या. अस्पृश्यांना मिळालेले स्वतंत्र मतदारसंघ गेले. जागा ७१ वरून १४८ झाल्या, पण आपला प्रतिनिधी आपणच निवडण्याचा हक्क गेला. हा इतिहास आपल्याला तोंडपाठ आहे.

तिसरा तुरुंग मात्र आपण विसरतो. तो रत्नागिरीचा. 'कोकणचे गांधी' म्हणून ओळखले जाणारे आप्पासाहेब पटवर्धन तिथे कैदेत होते. जन्माने ब्राह्मण. त्यांनी तुरुंगात भंगीकाम करण्याची परवानगी मागितली. ती नाकारली गेली. त्यासाठी त्यांनी अन्न कमी केले. ही बातमी येरवड्यात पोचली आणि ३ डिसेंबर १९३२ रोजी गांधीजींनी त्यांच्या पाठिंब्यासाठी उपवास सुरू केला. सरकारने या प्रश्नाचा विचार करण्याचे आश्वासन दिल्यावर तो थांबला.

आप्पासाहेबांच्या प्रामाणिकपणाबद्दल इथे वाद नाही. पण या प्रसंगातून जे उघडे पडते ते पाहा. पहिली गोष्ट, मुंबई इलाख्याच्या तुरुंगात विष्ठा उचलण्याचे काम जातीवरून ठरत होते. इतके की सवर्ण कैद्याने स्वतःहून मागितले तरी ते त्याला मिळत नव्हते. इंग्रज सरकार गांधींना कैद करायला डगमगत नव्हते, पण ब्राह्मणाच्या हातात झाडू द्यायला कचरत होते. दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची आहे. त्या उपवासाची मागणी 'ब्राह्मण कैद्याला हे काम करू द्या' अशी होती. 'मेहतर कैद्याला हे काम नाकारू द्या' अशी ती नव्हती. सवर्णाची सेवा स्वेच्छेची होती म्हणून ती त्याग ठरली. ज्याला जन्मामुळे तेच काम करावे लागत होते, त्याच्या नकाराला मात्र जागाच नव्हती.

आता धुळ्याकडे परत या. गीतेचा अठरावा अध्याय सांगतो, जन्माबरोबर आलेले कर्म सदोष असले तरी सोडू नये. तुरुंगाचा नियमही दुसरे काय सांगत होता? साने गुरुजींनी पुढे मे १९४७ मध्ये पंढरपूरचे विठ्ठल मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून उपोषण केले, याची नोंद आपण आदराने घेतो. पण मंदिराच्या दारासाठी जेवढी शाई खर्च झाली तेवढी तुरुंगाच्या संडासासाठी झाली नाही, हेही खरे आहे.

इंग्रजांनी हे का केले?

'जात हिंदूंची, तुरुंग इंग्रजांचा, मग नियमात जात आली कशी?' असा प्रश्न तरुण विचारतात. उत्तर दीडशे-पावणेदोनशे वर्षे मागे जाते. सुरुवातीला अनेक ठिकाणी कैदी आपापले अन्न वेगळे शिजवत. १८४० च्या दशकात सरकारने एकत्र स्वयंपाक आणि एकत्र पंगत सुरू करायचा प्रयत्न केला. त्यावर बिहारच्या तुरुंगांत दंगे झाले. १८५५ मध्ये आरा आणि मुझफ्फरपूर इथे कैद्यांचे पितळी लोटे काढून मातीची भांडी दिली, तर त्यावरूनही उठाव झाला. मातीचे भांडे विटाळते ना! पुढे १८५७ घडले आणि सरकारने धडा घेतला : जातीला हात लावू नका.

१८९४ चा तुरुंग कायदा आला. त्यापुढच्या काळात प्रांतोप्रांतीच्या जेल मॅन्युअलमध्ये हाच धडा नियम होऊन बसला. स्वयंपाकी कोणत्या जातीचा, झाडूवाला कोणत्या जातीचा, हे छापले गेले. राहण्याच्या जागेचेही तेच. १९३० मध्ये कैद्यांचे अ, ब, क असे वर्ग पडले. वर्ग ठरताना सामाजिक दर्जा, शिक्षण आणि बाहेरचे राहणीमान पाहिले जाई. आता विचार करा, १९३० साली शिक्षण आणि राहणीमान कोणाकडे होते? जातीचे नाव न घेताही जातीची उतरंड बराकीत उभी राहिली.

ज्यांचे घरच तुरुंग झाले

याच राज्याने दुसरे एक काम केले. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा १९११ मध्ये नव्याने झाला आणि मुंबई इलाख्यातही लागू झाला. पारधी, कैकाडी, मांग-गारुडी अशा जमातींवर जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का बसला. सोलापुरात त्यांच्यासाठी तारेच्या कुंपणाची मोठी वसाहत उभी राहिली. हजेरी द्यायची, परवानगीशिवाय बाहेर जायचे नाही, मुलेही आतच जन्मायची. गुन्हा नाही, खटला नाही, तरी कैद.

या वसाहतींचे काम पाहणारा अधिकारी म्हणजे ओ. एच. बी. स्टार्ट. १९२८ मध्ये मुंबई सरकारने अस्पृश्य आणि आदिवासी यांच्या स्थितीसाठी जी समिती नेमली, तिचा अध्यक्षही हाच, म्हणून ती 'स्टार्ट समिती'. बाबासाहेब तिचे सदस्य होते. तिचा अहवाल १९३० मध्ये आला. पुढे १९४८ मध्ये 'द अनटचेबल्स' या ग्रंथाच्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनी गुन्हेगार जमाती, आदिवासी आणि अस्पृश्य यांना एका रांगेत उभे केले आणि अशी माणसे निर्माण करणाऱ्या संस्कृतीलाच जाब विचारला. आजचा आंबेडकरी कार्यकर्ता 'आपला प्रश्न फक्त आपल्या जातीपुरता' असे म्हणत असेल तर त्याने ही प्रस्तावना काढून वाचावी.

१९५२ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा रद्द झाला. पण त्याच्या जागी राज्याराज्यांत सराईत गुन्हेगारांचे कायदे आले. मुंबई राज्याचा १९५९ चा. शिक्का पुसला, पण डाग पोलीस ठाण्याच्या वहीत राहिला.

२०२० ते २०२४

पत्रकार सुकन्या शांता यांनी २०२० मध्ये देशभरच्या तुरुंगांतील जातिभेदावर शोधलेख लिहिला आणि नंतर सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. न्यायालयाने महाराष्ट्रासह अनेक राज्यांना नोटिसा काढल्या. समोर आलेले नियम वाचून मान खाली जाते. पश्चिम बंगालच्या नियमात अन्न 'योग्य जातीच्या' कैद्याने शिजवावे आणि झाडूवाले मेहतर, हाडी, चांडाळ जातींतून घ्यावेत असे होते. उत्तर प्रदेशात साध्या कैदेच्या माणसाला हलके काम देऊ नये, मात्र तो अशा कामाची 'सवय असलेल्या' समाजाचा असेल तर द्यावे! तमिळनाडूच्या पाळयंकोट्टै तुरुंगात जातीनिहाय वेगळे विभाग होते. म्हणजे राहण्याची जागाच जातीवर.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड, न्या. जे. बी. पारदीवाला आणि न्या. मनोज मिश्रा यांच्या खंडपीठाने हे नियम घटनाबाह्य ठरवले. अनुच्छेद १४, १५, १७, २१ आणि २३ यांचा भंग होतो असे सांगितले. कैद्यांच्या नोंदवहीतला जातीचा रकाना काढा, तीन महिन्यांत मॅन्युअल बदला, असे आदेश दिले. ३० डिसेंबर २०२४ रोजी केंद्रीय गृह मंत्रालयाने आदर्श कारागृह नियमावलीत जातिभेदाला मनाई करणारी दुरुस्ती केली.

अनुच्छेद १७ म्हणजे अस्पृश्यता नष्ट. तो तुरुंगाच्या फाटकावर अडवला गेला होता.

पाचोऱ्याचा यात काय संबंध?

संबंध आहे. १९०६ पर्यंत खानदेश हा एकच जिल्हा होता आणि त्याचे ठिकाण धुळे. पाचोरा तेव्हा धुळ्याकडे पाहत असे. आज पाचोऱ्याच्या कोर्टात न्यायालयीन कोठडी झाली की आरोपीची वाट जळगावच्या जिल्हा कारागृहाकडे जाते. तिथल्या गर्दीच्या बातम्या जिल्ह्याला नव्या नाहीत. नियमावलीप्रमाणे बराकीत एका बंद्याला ३.७१ चौरस मीटर, म्हणजे सुमारे ४० चौरस फूट जागा हवी. गर्दी दुप्पट झाली की ती २० वर येते, म्हणजे जेमतेम एक सतरंजी. अशा गर्दीत संडासाजवळची जागा कोणाला मिळते, हे गावात वाढलेल्या माणसाला विचारावे लागत नाही. ज्याच्या मागे वकील नाही, मुलाखतीला कोणी नाही, कँटीनसाठी मनीऑर्डर नाही, त्याला.

२०२२ च्या राष्ट्रीय आकडेवारीप्रमाणे देशात ५,७३,२२० कैदी होते आणि जागा ४,३६,२६६. यांतले ४,३४,३०२ कच्चे कैदी, म्हणजे चारातले तीन. दर पाच कच्च्या कैद्यांमागे साधारण एक अनुसूचित जातीचा, तर २०११ च्या जनगणनेत आपले प्रमाण १६.६ टक्के.

काही शिकलेले बांधव म्हणतात, 'गुन्हेगारांची बाजू का घ्यायची? आपल्या पोरांनी अधिकारी व्हावे.' जरूर व्हावे. पण ज्याचा गुन्हा सिद्ध झालेला नाही त्याला गुन्हेगार म्हणणे ही पोलिसांची भाषा आहे, बाबासाहेबांची नाही. आणि शिक्षा झालेल्या पक्क्या कैद्यालाही शिक्षा कैदेची असते, जातीची नसते. भूमिहीनांच्या सत्याग्रहात दादासाहेब गायकवाडांच्या हाकेवर १९६४-६५ मध्ये लाखो माणसांनी तुरुंग भरले. तेव्हा तुरुंगाची आपल्याला लाज वाटली नाही. आज तिथे एकटा पडलेल्या आपल्या पोराची का वाटावी?

करायचे काय?

पहिले, जळगाव आणि धुळे कारागृहांकडे माहिती अधिकारात साधे प्रश्न विचारा : मंजूर क्षमता किती, प्रत्यक्ष बंदी किती, बराकनिहाय संडास किती, सफाईचे काम कोणत्या पद्धतीने वाटले जाते, नोंदवहीतला जातीचा रकाना कोणत्या तारखेला निघाला. निकाल कागदावर आहे. तो बराकीत पोचला की नाही, हे विचारणारा कोणीतरी हवा.

दुसरे, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ४७९ वस्तीत समजावून सांगा. पहिल्यांदाच अडकलेल्या कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत काढला असेल तर त्याला सोडण्याची तरतूद आहे, इतरांसाठी निम्मा काळ. फाशी वा जन्मठेपेच्या गुन्ह्यांना आणि एकाहून अधिक खटले असलेल्यांना ती लागू नाही. म्हणूनच पारधी पोरावर एकामागून एक केसेस का लागतात, याकडेही लक्ष द्या.

तिसरे, विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ च्या कलम १२ नुसार अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला आणि कोठडीतल्या कोणालाही सरकारी खर्चाने वकील मिळतो. तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करायला घरच्यांसोबत जा. आईबाप एकटे गेले की त्यांना परत पाठवले जाते, चार कार्यकर्ते सोबत असले की अर्ज घेतला जातो.

दरवर्षी ३१ जुलैला आपण लळिंगच्या लांडोर बंगल्यावर भीमस्मृती यात्रेला जातो. बाबासाहेब एका खटल्याच्या कामासाठी धुळ्याला आले होते, त्याची ती आठवण. वकील म्हणून आलेल्या बाबासाहेबांना वंदन करून परतताना धुळ्याच्या तुरुंगाचीही आठवण ठेवा. त्या भिंतीआड आज कोणीतरी तारखेची वाट पाहत बसलेला आहे, आणि त्याला वकील नाही.

जय भीम!