एकोणचाळीस मिनिटे

माणसाने घड्याळ शोधले ते वेळ कळावी म्हणून, असे शाळेत शिकवतात. लग्न झाल्यावर कळते, की ते वाद घालता यावा म्हणून शोधले आहे.

आमच्या घराण्यात या वादाची परंपरा जुनी. १ जानेवारी १९०६ पासून सरकारने साऱ्या हिंदुस्थानसाठी एकच प्रमाणवेळ ठरवली. मुंबईची स्थानिक वेळ तिच्या ३९ मिनिटे मागे. मुंबईकर खवळले, गिरणी कामगारही बिथरले आणि 'मुंबई टाइम' १९५५ पर्यंत टिकून राहिला. आमचे गिरगावातले पणजोबा याच पक्षाचे. उशीर झाला म्हणून कोणी बोलले, की म्हणत, "मी वेळेवरच आहे, सरकार पुढे गेलंय!" हे वाक्य मी बँकेत एकदा वापरून पाहिले. मेमो मिळाला.

बाबांच्या कारकिर्दीत लंबकाचे घड्याळ होते. दर रविवारी आंघोळ उरकून, स्टुलावर चढून ते किल्ली देत. त्या किल्लीला हात लावण्याची आमची कोणाची प्राज्ञा नव्हती.

पुढे मी सेलवरचे घड्याळ आणले. त्याचे घराणेही काही कमी नाही. गारगोटीच्या जातीचा स्फटिक दाबला की त्यात वीज निर्माण होते, हे जॅक आणि पिएर क्यूरी या भावांनी १८८० साली दाखवले. १९२७ साली अमेरिकेत बेल प्रयोगशाळेतल्या वॉरेन मॅरिसन यांनी स्फटिकावर चालणारे घड्याळ केले. आपल्या भिंतीवरच्या घड्याळातला इवलासा स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. चिप या आकड्याचे पंधरा वेळा निम्मे करते आणि बरोबर एक उरतो. मी कॉमर्सचा माणूस, कागदावर करून पाहिले. पैचा फरक नाही! आमचा दिवसाचा हिशेब असा एका दमात कधी जुळला नाही.

एके दिवशी त्याचा सेकंदकाटा नवापाशी जागच्या जागी उड्या मारू लागला. सेल उतरला होता. बारापासून खाली येणे सोपे, नवापाशी आडवे होऊन वर चढताना दम लागतो. चाळिशीनंतर हे काट्याला समजावून सांगावे लागत नाही. मी नवा सेल घातला. घड्याळ चालले आणि ४ वाजून २२ मिनिटांनी थांबले. काटे पुढे ढकलले, तर ५ वाजून २७ मिनिटांनी थांबले. सेलच्या पत्र्या घासल्या, सेल बदलला, हिने घड्याळही बदला म्हणून सुचवले.

बाबा कोचावर बसून पाहत होते. लंबकाचे घड्याळ माळ्यावर गेल्यापासून त्यांना रविवारच उरला नव्हता, हे माझ्या तेव्हा लक्षात आले.

"बाबा, जरा बघता का?"

त्यांनी चष्मा बदलला. "चार बावीस, पाच सत्तावीस... अरे, दोन्ही वेळेला काटे एकावर एक येतात. मिनिटकाटा तासकाट्याला घासतोय!" काच काढून त्यांनी मिनिटकाटा बोटाने किंचित वर उचलला. घड्याळ जे सुटले ते आजतागायत.

आता दर रविवारी आंघोळ झाली, की मी घड्याळ उतरवून त्यांच्या हातात देतो. ते सेल काढतात, पत्र्या पुसतात, सेल पुन्हा बसवतात. तेवढ्यात घड्याळ मिनिटभर मागे पडते. वेळ लावायचे मात्र ते विसरतात.

एकोणचाळीस मिनिटे होईपर्यंत मी काही बोलणार नाही.