चार पातेल्यांसाठी अख्खे कोठार

भंडारा म्हटले की पितळेची भांडी आठवतात. तेव्हा भांड्यांपासूनच सुरुवात करू. लग्नकार्याला लागणारे मोठे गंज, कोपर, पराती पूर्वी घरोघरी नसत. गावाच्या सामायिक कोठारातून हवे तेवढे मोजून आणायचे आणि कार्य उरकले की घासूनपुसून परत ठेवायचे, अशी रीत होती.

संगणकाच्या जगात अशा कोठाराला 'लायब्ररी' म्हणतात. तिच्यात पुस्तके नसून तयार सूचनांचे संच असतात. वर्गमूळ काढणे, तारीख लिहिणे, पडद्यावर अक्षर उमटवणे अशा कामांचे हे संच. ही कल्पना रुजली केंब्रिजला. तिथे १९४९ साली 'एडसॅक' हे यंत्र चालू झाले. त्याची स्मृती सुरुवातीला अवघी ५१२ शब्दांची. मॉरिस विल्क्स, डेव्हिड व्हीलर आणि स्टॅनली गिल यांनी नेहमीच्या कामांचे संच कागदी फितींवर छिद्रे पाडून कपाटात जपले. ज्याला जो संच हवा त्याने त्याचीच नक्कल आपल्या फितीवर उतरवून घ्यायची. सगळे कपाट यंत्रात ओतणे शक्यच नव्हते. लायब्ररीचा जन्म झाला तो असा, काटकसरीच्या घरात.

आपल्याकडेही तेच होते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली 'टिफरॅक' हा संगणक कामाला लागला. त्याची स्मृती २०४८ शब्दांची, प्रत्येक शब्द ४० अंकांचा. आजच्या मापाने ही सारी बेरीज फक्त १० किलोबाइट भरते. तेवढ्यात वैज्ञानिकांची गणिते होत.

पुढे स्मृती स्वस्त झाली आणि हात सैल सुटला. अनेक प्रोग्रॅमनी स्मृतीत एकच लायब्ररी सामायिक वापरावी, ही सोय झाली होती. पण एकाने कोठारातले झाकण बदलले की दुसऱ्याच्या गंजाला ते बसेना! मग जो तो आपला संच बरोबरच घेऊन फिरू लागला. शिवाय एका लायब्ररीला दुसरी लागते, दुसरीला तिसरी. हवी असतात चार पातेली, आणि बैलगाडीतून उतरते अख्खे कोठार. १९९५ च्या विंडोजला किमान ४ मेगाबाइट स्मृती लागे. २०२१ च्या विंडोज ११ ला ४ गिगाबाइट लागते. म्हणजे हजारपट! पास्कल भाषेचे जनक निकलाउस विर्थ यांनी १९९५ सालीच या सुटलेल्या अंगाबद्दल लेख लिहून तक्रार केली होती.

सगळेच ओझे फुकटचे असते असे मात्र नाही. आपली जोडाक्षरे पडद्यावर नीट उमटतात ती अशाच एखाद्या तयार संचामुळे. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याचे कष्ट वाचतात हेही खरेच. पण वाचलेल्या कष्टांची किंमत दुसरीकडे कुणीतरी मोजतो.

कोण मोजतो? महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविकांना २०१९ मध्ये सरकारी मोबाइल मिळाले, २ गिगाबाइट रॅमचे. रॅम म्हणजे काम चालू असताना सामान मांडायची जागा. हिशेब केला तर ही जागा दोन लाख टिफरॅकांएवढी होते! मार्च २०२१ मध्ये 'पोषण ट्रॅकर' हे नवे ॲप आले. बालकांचे वजन, उंची, आहार यांची नोंद त्यात करायची. फोन तापतो, अडकतो, क्षमता पुरत नाही, अशा तक्रारी सुरू झाल्या. माहिती तेव्हा इंग्रजीत भरावी लागे, हे दुखणे वेगळेच. हमीची मुदत संपलेली, दुरुस्तीचा खर्च मानधनातून.

पवनी-लाखांदूरकडच्या गावातली सेविका काय, मुंबईच्या वस्तीतली काय, फोन नवा घेण्याचा निर्णय तिच्या हाती नव्हता आणि ॲप हलके करण्याचाही नव्हता. ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यात 'मोबाइल वापसी' आंदोलन झाले. सेविकांनी ते फोन पिशव्यांत भरले आणि प्रकल्प कार्यालयांत नेऊन परत केले.