ग्लुकोमीटर : घरच्या घरी साखर कशी मोजावी?

बाबासाहेबांना मधुमेहाने अखेरपर्यंत छळले. १९५६ साली घरी ग्लुकोमीटर नव्हता, आज आहे. म्हणून सातपाटीच्या तरुणांना आम्ही सांगतो, घरातल्या मोठ्यांची साखर मोजायला शिका.

हात साबणाने धुऊन कोरडे करा. बोटाला गोड लागलेले असेल तर आकडा वाढतो. बोटाच्या कडेला टोचा. एकाची सुई दुसऱ्याला नको. समुद्राकाठची हवा दमट, पट्टी काढताच डबी घट्ट लावा.

बहुतेक प्रौढ रुग्णांसाठी उपाशीपोटी ८० ते १३०, जेवायला बसल्यापासून दोन तासांनी १८० च्या आत, हे साधारण उद्दिष्ट. ७० च्या खाली आल्यास, माणूस शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून द्या. १५ मिनिटांनी पुन्हा मोजा. शुद्ध हरपली तर तोंडात काही न घालता दवाखाना गाठा.

आकडे वहीत लिहा, डॉक्टरांना दाखवा. गोळी मनाने बंद करू नका.