किती देते?

कोऱ्हाळ्यात कुणाच्या दारात गाडी आली की हार-नारळ व्हायच्या आत कुणीतरी विचारतंच, "किती देते?" रंग, कंपनी, किंमत सगळं नंतर. सध्या माझा पुतण्या गाडी शोधतोय. त्याचाही पहिला प्रश्न तोच, आणि दुसरा, "काका, डिझेल घेऊ का पेट्रोल?" त्याला उत्तर देता देता जुना इतिहास निघाला, तो इथे मांडतो.

आपल्याकडे ॲव्हरेजचं वेड लावलं ते लूनाने. 1972 मध्ये किनेटिक इंजिनिअरिंगने ही 50 सीसीची मोपेड आणली. मूळ डिझाइन इटलीच्या पियाजिओचं. गंमत म्हणजे ॲपे रिक्षांचा कारखाना घेऊन हीच पियाजिओ पुढे आपल्या बारामतीत आली! लूना आली आणि पुढच्याच वर्षी अरब देशांनी तेल रोखलं. काही महिन्यांत कच्च्या तेलाचा भाव पिंपाला तीन डॉलरवरून बारा डॉलरच्या जवळ गेला. पेट्रोल पुरवून वापरणाऱ्या गाडीला याहून चांगला मुहूर्त कुठला? शिवाय पेट्रोल संपलं तर पायडल मारत घरी येता यायचं.

चारचाकीत हाच प्रश्न आधी मारुती 800 ला विचारला गेला, 1983 नंतर. पण गावाकडे खरा फरक पडला तो इंडिकाने. डिसेंबर 1998 मध्ये टाटांनी ती बाजारात आणली, आपल्या पिंपरी-चिंचवडची गाडी, 1.4 लिटरचं डिझेल इंजिन. डिझेल आपल्याला ट्रॅक्टरमुळे ओळखीचं होतंच. आणि ते स्वस्त होतं, कारण शेती, ट्रक, एसटी यांच्यासाठी सरकार त्याचा भाव खाली धरून ठेवायचं. त्या सवलतीत मोटारवालेही बसले.

जून 2010 मध्ये सरकारने पेट्रोलचा भाव मोकळा केला, डिझेलचा तसाच बांधलेला ठेवला. मे 2012 मध्ये दिल्लीत पेट्रोल 73 रुपयांच्या वर आणि डिझेल 41 च्या आसपास होतं. लिटरमागे तीस रुपयांहून जास्त फरक! त्या वर्षी आमच्या दादाने डिझेल गाडी घेतली. पेट्रोलपेक्षा लाखभर जास्त मोजून. तेव्हाच्या हिशोबाने ते अगदी बरोबर होतं.

पुढे काय झालं बघा. जानेवारी 2013 पासून डिझेल दर महिन्याला थोडं थोडं वाढत गेलं, ऑक्टोबर 2014 मध्ये त्याचाही भाव मोकळा झाला. जून 2020 मध्ये तर दिल्लीत डिझेल पेट्रोलच्याही पुढे गेलं. त्याच वर्षी एप्रिलपासून बीएस-6 नियम आले, छोटी डिझेल इंजिनं महाग पडू लागली आणि मारुतीने डिझेल गाड्या बंद केल्या. दादाची गाडी मात्र तेवढंच ॲव्हरेज देत होती. बदललं होतं ते गाडीबाहेरचं जग.

आता पेट्रोलचंही तेच. 2001 मध्ये मिरज आणि मनमाडला पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळायचे प्रयोग झाले, 2025 मध्ये हे प्रमाण देशभर 20 टक्क्यांवर पोचलं. सोमेश्वर, माळेगावला ऊस घालणाऱ्या आपल्यासारख्यांना इथेनॉल म्हणजे उसाच्या पैशाची गोष्ट. पण लिटरभर इथेनॉलमध्ये ऊर्जा पेट्रोलच्या दोन तृतीयांशच, त्यामुळे जुन्या गाडीचं ॲव्हरेज थोडं उतरतं. एका खिशात येतं, दुसऱ्यातून जातं!

आणि शोरूममधला तो आकडा? पुण्यात वेताळ टेकडीवर 1966 पासून एआरएआय ही संस्था आहे. तिथल्यासारख्या प्रयोगशाळेत गाडी रोलरवर ठरलेल्या वेगांनी चालवून तो काढतात. दोन गाड्यांची तुलना करायला उत्तम. पण त्या रोलरवर नीरा-बारामती रस्त्यासारख्या उसाच्या ट्रॉल्या आडव्या येत नाहीत!

म्हणून पुतण्याला मी दुसराच प्रश्न विचारला. बाळा, महिन्याला चालवणार किती? तो म्हणाला, सहाशे किलोमीटर. इंधन लिटरला सरसकट शंभर रुपये धरू. पंधराचं ॲव्हरेज असेल तर 40 लिटर, विसाचं असेल तर 30. वाचले महिन्याला हजार, वर्षाला बारा हजार. जास्त ॲव्हरेजच्या गाडीला लाखभर जास्त दिले तर ते फिटायला आठ वर्षं लागतील, आणि तोवर भाव कुठे असतील ते कुणी सांगावं? महिन्याला दोन हजार किलोमीटर फिरणाऱ्याचे मात्र अडीच वर्षांत फिटतात. त्याने जरूर द्यावेत.

पुतण्या आता साधी, सेकंडहँड पेट्रोल गाडी बघतोय. उरलेल्या पैशातून आधी चार नवे टायर आणि विमा, असं ठरलंय. दादाला हे अजून पटलेलं नाही. "तीस रुपयांचा फरक होता रे तेव्हा!" एवढंच म्हणतो. होता ना, दादा. तेव्हा होता.